पोळलेलं बी

या, असे जवळ सरका. लांब बसून गोष्ट काळजात उतरत नाही. आज एका पोरीने बापावर उगवलेल्या सुडाची गोष्ट सांगतो. पाप की पुण्य, ते देव बघेल; आपण नुसतं ऐकू.

पोरीला सगळं गाव ठिणगी म्हणे. वय पंधरा. आईबापाचा काडीमोड झाला आणि हिच्या जिभेला धार चढली. शाळेत भांडण, पाणवठ्यावर भांडण. का नसावं? बापाने आईला टाकलं ते एकाच बोलण्यावर, "हिच्या हाताला उगवण नाही." पाऊस हुकला तरी आईचा हात, कीड पडली तरी आईचाच हात. शेताचे दोन तुकडे झाले, मधे बांध आला आणि बांधापलीकडे नवी बायको आली.

तीच एक दिवस ठिणगीच्या घराच्या चौकटीबाहेर येऊन उभी राहिली. खाली मान घालून म्हणाली, "काकडीचं बी मागायला पाठवलंय. व्यापारी म्हणतो, तुमच्या घरची ती लांब काकडी असेल तरच माल उचलतो."

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," ठिणगी म्हणाली. "म्हणजे आमची आई गाढव झाली म्हणायची."

"गप गं," आई म्हणाली. "बियाला नाही म्हणू नये. ती देवाची ठेव. मडक्यातलं ओंजळभर दे काढून."

"राखेतून निवडायला वेळ लागेल. उद्या बांधावर आणून देते," ठिणगी म्हणाली, आणि आईला वाटलं, पोर शहाणी झाली.

शहाणी कसली! आई शेतात गेल्यावर तिने बी फडक्यात बांधलं, चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि सावलीत वाळवलं. दिसायला तसंच राहिलं. मेलेला माणूसही घटकाभर झोपल्यासारखाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी ते नव्या बायकोच्या ओंजळीत घातलं. मग रोज सकाळी बांधावर बसायचं. आईच्या वाफ्यात दोन-दोन पानं वर आली, पलीकडे नुसता ओला चिखल. निरूपणात आपण ऐकतो, सूड वाईट. पण जिभेवर असेतोवर तो गुळासारखा लागतो. ठिणगी तो चघळत होती.

एका सकाळी बाप मजूर बायांसमोर वाफ्यात उभा राहिला. नवी बायको कोपरापर्यंत चिखलात.

"हे बी तूच टोकलंस ना?" बाप म्हणाला. "तुझ्याही हाताला उगवण नाही. माहेरची वाट धर."

ती बाई नुसते आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिली, जणू खोट सापडेल. आईही अशीच बघायची. ठिणगीच्या तोंडातला गूळ एकदम कडू झाला.

ती बांधावरून खाली उतरली.

"बी मी पोळवलं. उकळत्या पाण्यात."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंत ते. सूड तुमच्यावर होता. तुम्ही वड्याचं तेल वांग्यावर काढलंत. मेलेल्या दाण्याला हात काय करणार?"

बापाने हात उगारला. तोच खुरपं खाली ठेवून म्हातारी मजुरीण म्हणाली, "मालक, हात खाली घ्या. आधीच्या बाईचं तरी काय वेगळं होतं? त्या साली पाण्याच्या पाळीला घोरत कोण पडलं होतं? पीक तुम्ही वाळवलं, नाव बाईच्या हाताचं झालं."

"आणि त्याच्या आदल्या साली किडीचं औषध मारायचं कोण विसरलं?" दुसरी म्हणाली. बाया पदराआड हसल्या. हात खाली आला. बाप वाफे तुडवत निघून गेला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

घरी आईने सगळं ऐकलं आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "माणसावरचा राग दाण्यावर काढलास? जिता जीव होता तो." ठिणगीने मडक्यातल्या राखेतून चांगलं बी निवडलं आणि ती बांधावर नव्या बायकोकडे गेली.

"मावशी, हे जितं आहे. त्यांच्या हाती देऊ नका. निम्मं पेरा आणि निम्मं तुमच्यापाशी लपवून ठेवा. बी आपल्या मुठीत असलं की त्यांनाच दारात उभं राहावं लागतं."

मावशीने मूठ मिटली. ती हसली नाही, पण मूठ घट्ट होती.

तर मंडळी, उद्या देवापुढे हात जोडाल तेव्हा ठिणगीची काळजी करू नका, ती आपलं बघून घेईल. आठवण ठेवा त्या मावशीची. ती अजून त्याच घरात नांदते आहे.