बुडबुडा येऊ नये म्हणून

वैशाखातली दुपार. पांढरी, पिठूळ, निर्वात दुपार. सावरीचा कापूस तप्त हवेत तरंगत होता, वाट चुकल्यासारखा, उतरायला जागा शोधत. प्रयोगशाळेची सगळी दारं त्याच्या भीतीने लावून घेतली होती.

व्हरांड्यात ठकूबाई झोरे बसली होती. चपला बाजूला काढलेल्या, मांडीत रिकामी किटली. घाट उतरून ती विरजण मागायला आली होती. विरजण मागायला बायका शेजारी जातात. ही विद्यापीठात आली.

कारण शेजारी ते उरलंच नव्हतं. फाल्गुनात तिचा धनी, बिरू, गेला. वाडी सगळी एका भावकीची. सुतक एका घराला आलं ते सगळ्यांनाच आलं. आणि सुतकात दूध विरजायचं नाही, ही वाडीची रीत. घरोघर मडकी पालथी झाली. सुतक फिटलं, दूध पुन्हा तापलं, पण विरजायला थेंबभर दही कुठल्याच उंबऱ्याआड नव्हतं. एका दुधातून दुसऱ्या दुधात, सासूकडून सुनेकडे चालत आलेलं ते शुभ्रघन, मंदगंधी दही वाटेतच थांबलं. रीत पाळायच्या घाईत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. घाटाखालच्या दुकानात पिशवीतलं दही मिळत होतं. ठकूबाईने ते चाखलं आणि कुत्र्यापुढे ओतलं.

उरलं होतं ते फक्त इथे. हिवाळ्यात इथली संशोधक हेमांगी खोत वाडीवर आली होती, दह्यातले जिवाणू वेगळे करून ओळखायला, आणि बाटलीभर दही घेऊन गेली होती. परकीला कसलं सुतक? पण वीज गेली, फ्रीज बंद पडला, बाटलीत हिरवी बुरशी माजली. त्यातलाच थेंब घेऊन, विरळ करून, जिवाणू वाढवायच्या प्लेटमागून प्लेटवर रेघा ओढत ती जिवंत काही उरलंय का ते शोधत होती. डोळे थकले होते, बोटं थकली होती, आशा तर केव्हाच थकून खाली बसली होती.

आता शेवटची प्लेट. तिच्यावर मोहरीहून बारीक शुभ्र ठिपके. हेमांगीने एक ठिपका काचपट्टीवर घेतला आणि पेरॉक्साइडची बाटली उचलली. थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर तो जिवाणू परका, धुळीतला. नाही आले, तर दह्यातला असू शकतो. आजवर प्रत्येक थेंब फसफसला होता.

"बाय, हुईल न्हवं?" दाराबाहेरून ठकूबाईने विचारलं.

"बघते, मावशी."

थेंब पडला. निश्चल थेंब, नितळ थेंब, निःशब्द थेंब. हेमांगी वाट पाहत राहिली. बुडबुडा आला नाही. मग रंग चढवून तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर दह्यातल्या जिवाणूंच्याच जांभळ्या, सडपातळ काड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. तिला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला होता.

आणखी कसोट्या झाल्या, ओळख पटली, दूध विरजलं. पुढच्या बाजाराला ठकूबाई पुन्हा घाट उतरली. बोटभर दही जिभेवर ठेवून तिने डोळे मिटले.

"अर्धं आलंया," ती शेवटी म्हणाली. "आंबट त्येच हाय. वास न्हाई आला."

"बाकीचे जिवाणू मेले, मावशी. एकच जगला."

ठकूबाईने दही किटलीत घेतलं, झाकण दाबलं.

"ऱ्हाऊ दे. मी बी अर्धीच उरलीया. भागवू."

त्या सांजेला वाडीवर धूसर, जांभुळल्या उजेडात चुलीचुलीवर दूध तापत होतं, तापून निवत होतं. आणि एक थकलेली बाई दारोदार थांबत, बोटाबोटाने विरजण घालत, पुढच्या उंबऱ्याकडे चालली होती, हळूहळू, हळूहळू.