किल्ली पाठवण्याआधी

"आलो बघा आत!" भाऊजी फोनवर म्हणाले. "वहिनी, तुमच्या राज्यात पाऊल पडलं आमचं."

वहिनी हसली. मग तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

किल्ली तिने अजून पाठवलीच नव्हती.

—

जरा मागे जाऊ. घरातून जीव मुठीत धरून पळालेल्या बायकांना वहिनीची संस्था शहरभर वेगवेगळ्या खोल्यांत लपवते. कोण कुठे राहते ते सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, आणि त्याची राखण वहिनीकडे. अहवाल लिहिणारे तिचे दीर दुसऱ्या शहरात. त्यांना तिथून बिनधोक बघता यावं म्हणून सकाळभर खपून तिने एक बंदिस्त वाट केली. किल्लीची फाइल असेल त्यालाच प्रवेश, बाकीच्यांना भिंत.

शेजारी चिमणी चादरींच्या घड्या घालत होती. अंगाने एवढीशी, म्हणून चिमणी. ती अशाच एका खोलीत राहायची.

"माझा नवराही दिवसभर असाच खटखट करायचा," ती म्हणाली. "पासवर्ड नसताना कुणाचंही काहीही उघडून दाखवायचा. सासूबाईंना केवढं कौतुक!"

"माझ्या सासूबाईंना वाटतं, सून टायपिंग करते."

दोघी खळखळून हसल्या होत्या.

—

"भाऊजी, आलात कुठून?"

"जुन्याच वाटेने. पासवर्डही जुनाच, आपल्या पत्रकावर छापलेला फोन नंबर. का हो?"

म्हणजे दाराला सात कुलपं, आणि मागे भिंतच नाही! नवी वाट केली, जुनी बुजवायची राहिली. तपासायला ती दर वेळी नव्या वाटेनेच गेली, आणि नवी वाट उत्तम चालत होती.

"बाहेर पडा."

"अहो, पाहुण्याला चहा तरी—"

"भाऊजी, बाहेर पडा!"

आत कोण कोण आहे, तिने पाहिलं. एक, संस्थेची स्वतःची वेबसाइट, ती कायमच जोडलेली. दुसरे भाऊजी, ते लगेच दिसेनासे झाले.

तिसरं कुणीतरी.

"अजून आत आहात?"

"मी केव्हाच बाहेर पडलो."

तिसरा काहीतरी मागत होता. सगळं नाही. एकाच बाईच्या खोलीचा पत्ता. बाईचं नाव—

वहिनीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग जुनी वाट तिने बंद केली. तिसरा तुटला. पण त्याने वाचलेलं कसं तुटणार?

—

"चिमणे." वहिनी तिच्याकडे वळली. "खोलीवर काय काय आहे तुझं?"

"असायचंय काय? चार कपडे. आणि पोर." चिमणीने चादरीची टोकं जुळवली. "झोपलीय. काळजी नाही ताई, बाहेरून कुलूप घालून आलेय."

खुर्ची मागे कोसळली. वहिनीने तिचं मनगट धरलं आणि दोघी जिन्याकडे धावल्या; चादर उंबऱ्यापर्यंत फरफटत गेली.

टेबलावर फोन बोलतच होता, "वहिनी? अहो वहिनी, झालं का बंद?"