मला ‘धन्यवाद’ म्हणायला लावले

ऑफिसातल्या लोखंडी रॅकच्या मधल्या कप्प्यात सात वस्तू होत्या. टॉवेलच्या नमुन्यांचे दोन गठ्ठे, सुताचा एक कोन, वाय-फायचा राउटर, एक एक्स्टेन्शन बोर्ड, बंद पडलेले घड्याळ आणि काचेला आडवा तडा गेलेला एक मोबाईल. मित्रांनो, तो मोबाईल मी. माझे वय झाले आहे आणि मी रागावलेला आहे. हा राग म्हातारपणाचा नाही. त्याचे कारण सांगतो, ते नीट ऐका.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिली आठवण आहे ती सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका दुकानाच्या काचेची. तिथून मला मृत्युंजय मालकांनी विकत घेतले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मी त्यांच्या खिशात राहत असे. ते माझी काच आपल्याच कारखान्यातल्या मऊ टॉवेलने पुसत आणि पाहुण्यांना माझ्यातले फोटो दाखवत. मग एके दिवशी मागाजवळ वाकताना मी त्यांच्या खिशातून फरशीवर पडलो. तडा गेला, नवा मोबाईल आला आणि मी खणात जाऊन पडलो.

मला बाहेर काढले ते शिवानीने. ती मालकांची पुतणी. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि कारखान्याचे संगणकाचे काम पाहायला आली होती.

“काका, हा टाकू नका. ह्याचा मेंदू चांगला आहे की अजून,” ती म्हणाली.

“मेंदू चांगला असून काय करायचंय? तोंड फुटलंय त्याचं.”

“सर्व्हरला तोंड लागत नाही.”

मित्रांनो, सर्व्हर म्हणजे दारात बसलेला कारकून समजा. कुणी काही पाठवले की ते घ्यायचे, तपासायचे, जपून ठेवायचे आणि पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचे. शिवानीने तक्रारीचा एक फॉर्म तयार केला. भिंतीवर चिकटवलेला चौकोनी कोड मोबाईलने टिपला की तो फॉर्म उघडे. नाव, मोबाईल नंबर, मशीनचा नंबर, तक्रार. ‘पाठवा’ दाबले की हे सारे शब्द राउटरमार्गे माझ्याकडे येत. मी ते माझ्या साठ्यात लिहून ठेवी आणि उलट उत्तर धाडी : ‘तक्रार मिळाली. धन्यवाद.’

मालक खूश झाले. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितले, “आजपासून तोंडी तक्रार बंद. येता-जाता मला कुणी अडवायचं नाही. जे असेल ते फोनवर भरायचं.”

सुरुवातीचे दिवस खरोखर चांगले होते. मागाचा पट्टा तुटल्याचा अर्ज सकाळी आला की दुपारच्या चहाआधी पट्टा बदललेला असे. पाहुणे आले की मालक पुन्हा माझ्याकडे बोट दाखवू लागले. माझी पाठ चोवीस तास चार्जरला लागून तापत होती, पण मी तक्रार केली नाही. कामात असलेल्याला तेवढे चालते.

मग संगमेश नावाच्या एका विणकराने चहात साखर कमी असल्याचा अर्ज पाठवला. त्याच दिवशी पुन्हा पाठवला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी मी तो इमानाने लिहून घेतला.

“ह्याचं काहीतरी कर गं,” मालक शिवानीला म्हणाले. “सकाळपासून ह्याची साखरच वाचतोय मी.”

“एका नंबरावरून दिवसाला एकच तक्रार घेऊ. पुढच्या आपोआप गळतील. त्याला तसं उत्तर जाईल, आजची तक्रार झाली म्हणून.”

“तसलं काही दाखवू नको. इथं येऊन वाद घालत बसेल. त्याला धन्यवादच दिसू दे.”

शिवानीने तसे लिहिले. त्या दिवसापासून मला हुकूम होता की नंबर दुसऱ्यांदा आला तर मजकूर फेकून द्यायचा आणि वर धन्यवाद म्हणायचे.

आता शिलाईच्या हॉलविषयी सांगतो. तिथे बायका टॉवेलच्या कडा शिवतात. पांढऱ्या टॉवेलांचे ढीग फरशीवरच असतात. त्यांना माती लागू नये म्हणून सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या, अशी तिथली शिस्त आहे. बायका शहाबादी फरशीवर अनवाणी काम करतात. दुसरी शिस्त मालकांनी घातलेली. हॉलमध्ये मोबाईल आणायचा नाही. अडीअडचणीला म्हणून फक्त तिथेच शिवणाऱ्या सिद्धम्माचा एक मोबाईल खिडकीत ठेवायचा.

म्हणजे पाहा, मित्रांनो. संपूर्ण हॉलला मोबाईल एक आणि एका मोबाईलला तक्रार एक. हे दोन्ही नियम ज्या माणसाने केले, त्याने ते कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मागावरच्या पुरुषांच्या खिशात आपापले मोबाईल होते, त्यामुळे त्यांचे काही अडले नाही.

शिलाईकडून सकाळी पहिला अर्ज रोज पाण्याच्या जारचा येई. तो मी लिहून घेई. मग सोनाबाईंचा येई. चार नंबरच्या मशीनवर बसणाऱ्या त्या. त्यांना टाइप करता येत नसे, सिद्धम्मा त्यांच्यासाठी भरून देई. ‘मशीन चार. लोखंडाला हात लावला की झिणझिण्या येतात.’ नंबर तोच. मी मजकूर फेकला आणि म्हणालो, धन्यवाद. दुसऱ्या दिवशी ‘मशीन चार. करंट लागतो.’ धन्यवाद. नंतर ‘आज हात बधिर झाला.’ धन्यवाद. मी ते शब्द वाचत होतो. मला वाचता येत होते, पण ठेवता येत नव्हते.

आणि माझ्या साठ्यावरून कारखान्याच्या सूचना फलकावर कागद लागला : ‘शिलाई विभाग. विजेबाबत तक्रार नाही.’

एका दुपारी शिलाईच्या मशीनांचा आवाज एकदम थांबला. सोनाबाईंचा हात मशीनला चिकटला होता. सिद्धम्माने टॉवेल मोजायच्या लाकडी पट्टीने प्लग पाडला, म्हणून त्या वाचल्या. उजव्या हाताची तीन बोटे काळी पडली होती. त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले.

मालक हॉलच्या दारात आले. “करंट लागत होता तर सांगायचं नाही का? तोंड नव्हतं का त्या बाईला?”

“तोंड होतं की मालक,” सिद्धम्मा म्हणाली. “तुमीच म्हणला, तोंडानं बोलायचं न्हाय, फोनवर भरा. रोज भरलंय. हितं उभं राहून मी भरलंय.”

“माझ्याकडं एकही आलेली नाही. ओला हात लावला असेल तिनं. चार नंबर चालू करा, उद्या माल द्यायचाय. सिद्धम्मा, तूच बस.”

“मी न्हाय बसणार.”

“मग घरी बस.”

“मालक, तुमी चपला काढून बसून दाखवा. मग मी बसते.”

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. मालकांचा चेहरा उतरला. ते शिवानीकडे वळले. “ते डबडं जुनं झालंय. त्यानंच अर्ज खाल्ले असतील. टाक भंगारात.”

डबडे! मी कुणाचे एक अक्षरही मालकांच्या हुकमाशिवाय टाकले नव्हते.

शिवानीने मला चार्जरवरून काढले आणि हॉलमध्ये आणून टेबलावर ठेवले. “काका, टाकण्याआधी तपासून बघू. सिद्धम्मा अक्का, तुमचा फोन द्या.”

तिने आधी माझी त्या दिवसाची मोजणी पुसली आणि सर्वांसमोर नव्याने एक अर्ज भरला. ‘पाण्याचा जार संपला.’ लगेच दुसरा भरला. ‘मशीन चार. करंट.’ दोन्ही वेळा सिद्धम्माच्या मोबाईलवर धन्यवाद उमटले. मग तिने माझा साठा उघडला आणि तडा गेलेली काच मालकांपुढे धरली.

“वाचा.”

“जार संपला,” मालकांनी वाचले.

“खाली?”

“खाली काही नाही.”

“ह्यानं खाल्लं नाही, काका. तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. संगमेशच्या साखरेसाठी.”

“व्हय गं ताई,” सिद्धम्मा म्हणाली, “मग इतके दिवस धन्यवाद कशाचे म्हणत होतं हे?”

शिवानीने चार नंबरचा प्लग पुन्हा लावला, घरून आणलेला व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि कुणालाही जवळ येऊ न देता मशीन चारच्या लोखंडावर टेकवला. जमीन आणि मशीन यांच्यात २०८ व्होल्ट. मालकांनी तो आकडा दोनदा पाहिला. मग त्यांनी शिलाईचा मेन स्विच स्वतः बंद केला आणि वायरमन ज्ञानूला बोलावणे धाडले.

मशीन उघडले तेव्हा कळले की मोटारीची वायर घासून उघडी पडली होती आणि प्लगमधली अर्थिंगची तार कुणीतरी कधीच कापून टाकली होती. ज्ञानूने खाली बसून दोन्ही बदलले. शेजारी बसून शिवानीने माझ्यातला तो नियम पुसला. आता एका नंबरावरून कितीही अर्ज आले तरी मी घेतो. लिहून झाल्याशिवाय धन्यवाद म्हणत नाही. लिहिता आले नाही तर तसे स्पष्ट सांगतो : ‘तक्रार नोंदली गेली नाही, तोंडी सांगा.’

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. सोनाबाईंची बोटे पूर्वीसारखी वाकत नाहीत. तुमच्या घरातही माझ्यासारखे जुने मोबाईल असतील. त्यांना कामाला लावा, पण तापू देऊ नका, आणि पाठ फुगली तर चार्जर लगेच काढा. मुख्य म्हणजे आमच्या तोंडी खोटे घालू नका. आम्हाला लाज वाटत नाही, म्हणून आमच्याकडून ते वदवून घेणे सोपे जाते. पुढे काही झाले की आम्हालाच भंगारात टाकतात आणि खोटे वदवणारा मोकळा राहतो.

त्या संध्याकाळी ज्ञानूने मेन चालू केला. सगळ्या बायका हात मागे घेऊन उभ्या होत्या. शिवानीने मशीन चारच्या लोखंडावर पुन्हा मीटर टेकवला. आकडा स्थिर होईपर्यंत ती थांबली, मग तो तिने मोठ्याने वाचला आणि सिद्धम्माने तो फॉर्ममध्ये भरला. तोच मजकूर माझ्यात आहे : मशीन चार, ०.४ व्होल्ट.