कुंपणातल्या खिंडाराचा शब्द

ग्यानबा सर गेल्यानंतरचा जलदानविधी आटोपला, पाहुणे शेलूबाजारच्या फाट्यावरून जीपमध्ये बसून गेले, आणि धम्मदीपा बापाची इंग्रजी शब्दांची शेवटची वही शोधू लागली. कपाटात नव्हती, गादीखाली नव्हती. आईनं सांगितलं, "ते तं अंजूजवळ हाय. पंजाबरावची सून. बी.ए.चा पेपर देऊन राह्यली ना थे."

धम्मदीपा नागपुरात कॉलेजात इंग्रजी शिकवते. लहानपणी शब्द अडला की बाप तिच्याकडे न बघता शब्दकोशाकडे बोट दाखवायचे. तीस वर्षांत त्यांनी तिला एक शब्द असा तोंडानं सांगितला नव्हता. आणि ही अंजू शेजारच्या वाडीत पालक खुडणारी.

ती कुंपणाशी गेली. अंजू बांधावर बसून जुड्या बांधत होती. वही मागितल्यावर तिनं ओल्या हातांना पदर लावला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती काढून दिली.

वही एकाच गोष्टीची होती. फटी, चिरा, भोकं, भेगा. इंग्रजीत त्यांना किती नावं, आणि गावातल्या कुठल्या फटीला कुठलं. क्रॅक: पडवीच्या कोब्याला गेलेला तडा. चिंक: गोठ्याच्या दाराच्या दोन फळ्यांमधून उन्हाची रेघ येते ती जागा. क्रेव्हिस: विहिरीच्या दगडांतली सांद, विंचू बसतो ती. फिशर: चैत्रातल्या काळ्या रानाची भेग, हात कोपरापर्यंत जातो.

"सरांचा नेम होता," अंजू म्हणाली. "हात घातल्याबिगर शब्द लिहायचा नाही. विहिरीच्या टायमाले मी म्हटलं, सर, इच्चू चावन. तं म्हने, मंग तू घाल, तुह्ये हात तरणे हायेत."

"हसले?"

"खो खो हसले. काहून?"

 बाप खो खो हसलेला धम्मदीपाला आठवत नव्हता. तिनं पानं उलटली. जानेवारीपासून बापाचा हात कापू लागला होता, त्यामुळे पुढची पानं अंजूनं लिहिली होती. पण अक्षर उजवीकडे तसंच कललेलं, बापासारखं. प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचं नाव बारीक लिहिलेलं: सर. आपलं नाव कुठे असेल म्हणून ती शेवटपर्यंत गेली. नव्हतं.

"ही मी घेऊन जाते," ती म्हणाली.

अंजूची बोटं पालकावर थांबली. "पंधरा दिवसांवर पेपर हाय, ताई."

"झेरॉक्स पाठवीन." पाठवायची नव्हती, हे तिला बोलतानाच माहीत होतं.

"बरं. मंग एवढं एक सांगून जा." अंजूनं शेवटचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, काट्याच्या कुंपणातलं खिंडार, आणि पुढची जागा कोरी. "रोज संध्याकाळी सर इथूनच येत. मी म्हटलं, याले काय म्हनतात? तं म्हने, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच..."

खिंडार समोरच होतं. बोरीच्या काट्या दोन्हीकडे मोडून माणूस आडवा होऊन जाईल एवढं. एका काट्याला बापाच्या पांढऱ्या सदऱ्याचा दोरा अडकला होता. म्हणजे संध्याकाळी घरी तिचा नागपूरहून केलेला फोन वाजत असेल तेव्हा बाप इथून वाकून पलीकडे जात असतील.

"स्लिट," धम्मदीपा म्हणाली.

"स्लिट तं बारीक असते ना? कात्रीनं चिरल्यावानी?"

"मी शिकवते की तू?"

"नाही, तुमी म्हनता तं बरोबर असन." अंजूनं पेन उघडला. "हात घाला ना, ताई. नेम हाय."

तिनं काट्यांमधून हात घातला. मनगटावर ओरखडा उठला. अंजूनं मान खाली घालून त्या कोऱ्या जागेत शब्द लिहिला आणि पुढे, जिथं सगळीकडे सर होतं तिथं, लिहिलं: दीपाताई.

तिचं नाव बापाच्या वहीत आलं होतं, आणि ते एका खोट्या शब्दाशेजारी.

"खोड ते," धम्मदीपा म्हणाली. "गॅप. साधा शब्द आहे. गॅप लिही."

अंजूनं एक आडवी रेघ मारली, गॅप लिहिलं आणि मान वर केली. "मले येते का थे पाहून राह्यले होते काय? सरबी असंच करत."

हे मान्य करणं सोपं होतं. बापासारखी असल्याची पावती आयती मिळत होती.

"नाही," ती म्हणाली. "मुद्दाम चुकीचा सांगितला."

अंजूनं वही तिच्याकडे सरकवली. एक जुडी बांधून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "माह्या पेपरात मी स्लिट लिहलं असतं तं?"

"नापास केलं असतं."

"मंग? वही नेता का?"

"ठेव. पेपर होऊ दे तुझा."

म्हणाली खरी, पण वहीचा कोपरा तिच्या बोटांतून सुटत नव्हता. शेवटी अंजूनंच तो हळूहळू ओढून घेतला.