पेस्टचा गुण

त्याला सगळे थांबेराव म्हणत, आणि हे नाव त्याने स्वकष्टाने कमावलेलं होतं. कुणी संगणक घ्यायचं नुसतं मनात आणलं, की हा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "आत्ता? वेड लागलंय का? तीन महिने थांबा. नवा प्रोसेसर येतोय." बरं, तो संगणक विकायचा का? नाही. बनवायचा? तेही नाही. पाणीपुरवठा खात्यात बसून मीटरच्या तक्रारींवर शेरे मारणं ही त्याची नोकरी. पण कुठल्या कारखान्यात कुठली चिप शिजतेय, ती आधीच्यापेक्षा किती टक्के पळणार आणि किती तापणार, हे त्याला व्याह्यांच्या घरातल्या भानगडींसारखं आतून माहीत असायचं. बाजारात तुरी नसतानाही त्या तुरीचं वरण किती दाट होणार ते तो छातीठोकपणे सांगायचा.

मुळात माणूस असा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने एक संगणक घरी आणला, आणि बरोबर आठव्या दिवशी त्याच किमतीत दुप्पट वेगाचा बाजारात आला. तो घाव त्याच्या जिव्हारी लागला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. थांबेराव गेली अकरा वर्षं नुसता फुंकत होता, पीत काहीच नव्हता.

या फुंकण्यापायी जळत होती त्याची बायको. त्याच्या मित्रमंडळातले सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींचं काम असं, की जी इमारत अजून उभीच राहिलेली नाही तिची चित्रं संगणकावर करायची. खिडकीतून ऊन कसं येईल, फरशीवर सावली कुठवर जाईल, हे सगळं आखून दिलं की संगणक एकेका किरणाचा हिशेब करत बसतो आणि मग चित्र पुरं होतं. नव्या संगणकाला त्यासाठी अर्धा तास पुरतो. वहिनींच्या संगणकाला, म्हणजे त्याच अकरा वर्षांपूर्वीच्या, नऊ तास लागत, आणि तेवढ्या वेळात त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारच्या आजींनी एकदा येऊन "पीठ कधी मिळेल?" असं विचारलं होतं.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर वहिनींना पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळायची वेळ आली होती. मुलांसाठी एक वाचनालय बांधायचं होतं. त्याच्या आतल्या खोल्यांची रचना कुणाला द्यायची ते समिती सोमवारी ठरवणार होती. समोर एक बडी कंपनी, आणि इकडे एकट्या वहिनी. सोमवारी सकाळी दहाच्या आत बारा चित्रं पोचली नाहीत तर विषय संपला, असं समितीच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

बुधवारी दुपारी सहावं चित्र शहाण्णव टक्क्यांवर आलं आणि पडदा काळा झाला. वहिनींना रडू आलं, आणि रडता रडता त्यांनी नवऱ्याला फोन केला.

थांबेराव संध्याकाळी आला तो रंगकामाचा ब्रश आणि पेस्टची ट्यूब घेऊनच. ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये लावायचा एक राखाडी लेप, ज्याने उष्णता बाहेर पडते. त्याने कॅबिनेट उघडलं, ब्रशने बोळाभर धूळ काढली, डॉक्टरच्या गांभीर्याने लेप लावला आणि बटण दाबलं. संगणक खोकत खोकत सुरू झाला.

"बघ! आता तीन महिने सहज काढतो हा."

"अहो, मला सोमवारी दहाला द्यायचंय."

"सोमवारी नाही गं येत तो. तिमाहीच्या शेवटी येतोय."

"कोण?"

"प्रोसेसर!"

वहिनींनी वाद घातला नाही, कारण वाद घालून त्या थकल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एकदा हिंमत करून स्वतःच नवा संगणक आणला होता. दुकानात सात दिवसांत परत करायची सोय होती. सहाव्या दिवशी थांबेरावाने कुठेतरी एक अफवा वाचली, आणि संगणक खोक्यात घालून स्वतःच्या खांद्यावरून परत नेऊन दिला. ज्याच्यासाठी परत केला तो प्रोसेसर दीड वर्षाने आला, पण तोवर त्याच्याही पुढच्याची कुजबुज सुरू झाली होती.

गुरुवारी तो कामावर गेल्या गेल्या वहिनींनी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. बाईंनी बाह्या वर केल्या, कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, याला दुरुस्ती नको. याला हार घाला."

"तर मग आतलं सगळं नवीन बसवा. फक्त डिस्क जुनी ठेवा, म्हणजे पडदा होता तसाच दिसेल. आणि वरचा डबाही हाच राहू दे."

"हा? पत्रा वाकलाय याचा. याच्यावर जुन्या प्रोसेसरचं स्टिकर आहे अजून."

"ते तर मुळीच काढू नका. परत करायची मुदत किती असते हो हल्ली?"

"सातच दिवस."

"मग पुढच्या गुरुवारपर्यंत आमच्या ह्यांना ताकास तूर लागता कामा नये."

बाईंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्या तक्त्यावर थांबेरावाने येणाऱ्या प्रोसेसरांची नावं आणि अंदाजे महिने लिहून ठेवले होते, खोडून पुन्हा लिहिले होते, पुन्हा खोडले होते. "आमच्याकडे पण आहेत असे एक," बाई स्क्रू काढत म्हणाल्या, "ते गाडीसाठी थांबलेत. मी बसने फिरते." दुपारी दोनपर्यंत काम झालं.

दुपारी सहावं चित्र सत्तावीस मिनिटांत पुरं झालं. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. वहिनींना आधी वाटलं बंदच पडलं. मग त्यांनी पडद्यावरचं ते ऊन पाहिलं आणि एकट्याच मोठ्याने हसल्या.

भीती होती ती संध्याकाळची. थांबेराव आला, बूट काढले आणि खोलीत येऊन कान टवकारून उभा राहिला.

"आवाज येत नाहीये," तो म्हणाला.

"नाही येत."

"चित्र किती वेळात झालं?"

"अर्धा तास," वहिनी खरं बोलून गेल्या, कारण खोटा आकडा वेळेवर सुचला नाही.

थांबेराव हळूहळू खुर्चीवर बसला. चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की लग्नातसुद्धा पडला नव्हता. "पेस्ट!" तो म्हणाला. "पेस्टचा गुण! ब्रशसुद्धा आहे म्हणा त्यात, पण मुख्य पेस्ट." आता कुणी म्हणेल, एवढा जाणकार माणूस, त्याने दोन बटणं दाबून आत कुठला प्रोसेसर आहे ते पाहायचं नाही का? पण स्वतःच्या घरातल्या प्रोसेसरचं नाव त्याला पाठ होतं. बायकोचं नाव काय ते बघायला कुणी लग्नपत्रिका काढतो?

तिथेच गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण स्वतःची पाठ स्वतः थोपटून हात दुखायला लागले तेव्हा त्याने फोन उचलला आणि आपल्या मंडळाला कळवलं. मंडळ म्हणजे हा, एक दातांचे डॉक्टर, एक फोटो स्टुडिओवाला आणि गणिताचे सर. येणाऱ्या प्रोसेसरांची चर्चा करणं हा या चौघांचा अनेक वर्षांचा उद्योग. "अकरा वर्षांचा प्रोसेसर, अर्ध्या तासात चित्र!" हे ऐकून फोटोवाल्याने सरळ सांगितलं, की थापा मारू नकोस. झालं. रविवारी अकराला सगळ्यांनी यायचं, डोळ्यांनी बघायचं आणि डबा उघडून तो लेपही बघायचा, असं ठरलं.

आखणी हातानेच करायची असल्यामुळे रविवारी सकाळपर्यंत वहिनींची आठच चित्रं झाली होती. नववं चालू होतं आणि तीन उरली होती. वहिनी पडद्यासमोरून हलायला तयार नव्हत्या. तीन पाहुणे, तीन खुर्च्या आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला नवरा, असे सगळे त्यांच्या पाठीमागे उभे होते. ऑपरेशनच्या खोलीत नातेवाईक शिरावेत तसं वहिनींना वाटत होतं.

"वहिनी, कमाल आहे हो," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "टक्के पळतायत नुसते."

"मी म्हटलं नव्हतं?" थांबेराव म्हणाला. "लोक उगाच नवं नवं करतात."

"खरंय," गणिताचे सर म्हणाले. "माझ्या मुलीने दोन वर्षं भुणभुण लावलीय. तिचा तो कोर्स, हलणारी चित्रं करायची. रोज तिचं मशीन बंद पडतं, रोज ती मैत्रिणीकडे जाऊन काम करते. काल म्हणाली, बाबा, मी कोर्सच सोडते. आज घरी गेलो की पहिलं काम, ब्रश आणि पेस्ट! थांबेराव, तुमचे उपकार झाले. आता नवा येईपर्यंत आरामात थांबता येईल."

वहिनींनी माऊस सोडला. गुरुवारपर्यंत फक्त चार दिवस गप्प राहायचं होतं. नवऱ्याची लाज राहिली असती, घरात शांतता राहिली असती, कामही झालं असतं. पण मैत्रिणीच्या घरी कोपऱ्यात बसून काम करणारी ती मुलगी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. शहाण्णव टक्क्यांवर काळा झालेला पडदा काय असतो, ते या खोलीत फक्त वहिनींना माहीत होतं.

"सर," त्या वळून म्हणाल्या, "पेस्टने काही झालेलं नाही. आतलं सगळं नवीन आहे. मी गुरुवारी बदलून घेतलं."

थांबेरावाने खाली वाकून डब्याची बाजू काढली. आत निळसर दिवा लागलेला, सगळं लखलखीत, धुळीचा कण नाही. वहिनींना वाटलं, आता हा माणूस फुटणार.

"स्टिकर तर जुनंच आहे," तो तसाच वाकून म्हणाला.

"मीच राहू दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही परत नेऊन दिला असता."

"हो," तो म्हणाला. "दिला असता."

आता हसायची पाळी मंडळाची होती, आणि फोटोवाला तर याच दिवसाची वाट बघत होता. पण हसलं कुणीच नाही. तिघेही हळूहळू पुढे सरकले आणि डब्यात डोकावू लागले. डॉक्टरांनी खिशातला छोटा टॉर्च काढला. "हाच का तो?" फोटोवाल्याने हळू आवाजात विचारलं. तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ज्यांवर हे चौघे तासन्‌तास भांडले त्यातला एकही नवा प्रोसेसर यांनी कधी चालताना पाहिलेला नाही. पाहणार कसा? चौघेही थांबले होते ना! वहिनींना त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती दयाच.

तेवढ्यात नववं चित्र पुरं झालं. लांबट खोली, बुटकी कपाटं, खिडकीच्या कट्ट्यावर एकाच मुलाला पाय दुमडून बसता येईल एवढी जागा आणि त्यावर दुपारचं ऊन. चौघांनीही डब्यातून मान वर काढली आणि पडद्याकडे पाहिलं.

"हे तू करतेस?" थांबेराव म्हणाला.

"वीस वर्षं झाली."

"मी पुरं झालेलं कधी पाहिलंच नाही गं. नेहमी आपलं तीस टक्के, चाळीस टक्के."

सर मागे जाऊन फोनवर मुलीशी बोलत होते. "उद्या दुकानात जायचं. हो, संगणकच. नाही, तीन महिन्यांनी नाही, उद्या! सकाळी! अगं, खरंच सांगतोय." मग ते ओशाळून वहिनींकडे आले. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

वहिनींनी फोन कानाला लावला.

"काकू," पलीकडून घाबऱ्या आवाजात मुलगी म्हणाली, "बाबा बरे आहेत ना?"

मंडळ गेल्यावर घर शांत झालं. थांबेरावाने डब्याचे स्क्रू एकेक करून परत बसवले. मग हात पुढे केला आणि पावती मागितली. वहिनींनी ती ड्रॉवरमधून काढून दिली. त्याने तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले.

"गुरुवारपर्यंत परत घेतात," तो म्हणाला.

"हो."

"चित्रं किती राहिली?"

"तीन."

थांबेरावाने पावतीची घडी घातली आणि ती तिच्याच हातात परत ठेवली.

"ही माझ्यापासून लपवून ठेव. आणि उद्या दहापर्यंत या मशीनजवळ कुणालाही येऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "मलासुद्धा."