दहाचा भोंगा

भिंगारच्या बाजारातल्या कचेरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून, कबुतरांनी पांढरं करून टाकलेलं एक लोखंडी धूड दिसतं ना, तो मी. मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. वीज लागत नाही मला. दांडा धरून फिरवलं की झालं. मोठ्यानं बोलणं हा माझा स्वभावच आहे, तेव्हा राग मानू नका.

पासष्टच्या लढाईत मला इथे आणलं. शेजारी लष्कराची छावणी, रणगाडेवाल्यांचं ठाणं. शत्रूचं विमान इतक्या आत येणार नाही, असं जाणकार म्हणायचे. पण तयारी ठेवायला काय जातं? लढाई संपली आणि माझ्यावर गोणपाट पडलं. सहा वर्षं मी त्याखाली गंजत बसलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एकाहत्तरचा पावसाळा सरला, सरहद्दीवरच्या बातम्या वाढल्या, आणि एक दिवस कानिफनाथनं ते गोणपाट ओढून काढलं. कानिफनाथ म्हणजे कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला. तो होमगार्डमध्येही होता. त्यानं मला खोललं, माझी बेअरिंगं रॉकेलनं धुतली, ग्रीस भरलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं असतं, पण मला फक्त ओरडता येतं.

माझी भाषा सोपी आहे. सूर वरखाली झाला की धोका. सगळ्यांनी बाजारतळावर खणलेल्या चरात उतरायचं. एकसारखा लांब सूर आला की धोका टळला. कचेरीतले मुख्य कारकून आप्पासाहेब यांनी हुकूम काढला, की भोंग्याची रोज चाचणी व्हावी. कानिफनाथ शिस्तीचा माणूस. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला तो गच्चीवर यायचा आणि धोक्याचा सूर पूर्ण दोन मिनिटं वाजवायचा.

पहिल्या दिवशी बाजार धावला. चौथ्या दिवशी निम्मा धावला. आठवड्यानंतर लोक माझ्यावर घड्याळं लावू लागले. "भोंगा झाला, भाकरी बांधा," असं घराघरांत ऐकू येई. कानिफनाथची बायको मनकर्णा तर रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन माझीच वाट पाहायची, कारण दुकान माझ्या आवाजावर उघडायचं. मलाही भारी वाटायचं. अख्खं भिंगार माझ्या तालावर चालतंय म्हणजे काय थट्टा आहे! चूक तिथेच होत होती आणि मी मात्र फुशारकीत होतो.

तीन डिसेंबरला लढाई पेटली. रात्री रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं. चार तारखेला सकाळी आप्पासाहेबांनी चाचणी बंद केली. आता वाजेल तो खराच भोंगा, अशी दवंडी दुपारी द्यायची ठरली.

दुपार व्हायच्या आतच कचेरीतला फोन खणाणला. दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. आप्पासाहेब जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, "कानिफनाथ, ओळख न पटलेलं विमान! वाजव!"

कानिफनाथनं दांडा धरला. मी जीव तोडून ओरडलो. मित्रांनो, एक माणूस हलला नाही. भाजीवाली वजन करत राहिली. समोरच रॉकेलची रांग होती, चाळीस-पन्नास बायका, आणि मधोमध मनकर्णा. तिनं वर पाहिलं, नवरा दिसला, तशी ती हसली. मनगटावर बोट आपटून तिनं त्याला खुणावलं: आज दोन मिनिटं उशीर!

कानिफनाथचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दांडा सोडावा, तर धोक्याचा सूर अर्धवट तुटणार. ओरडावं, तर माझ्या आवाजात त्याचा आवाज बुडणार. तरी तो ओरडत होता, "मने, पळ! पळ गं!" तिला वाटलं, रोजच्यासारखी मस्करी चाललीय. ती शेजारणीला काहीतरी सांगून पुन्हा हसली. मला माझ्याच आवाजाची किळस आली. मी जितका मोठ्यानं ओरडत होतो, तितका तो माणूस मुका होत होता.

दोन मिनिटं भरली. त्यानं दांडा सोडला आणि कठड्यावर अर्धा ओणवा होऊन घसा फाटेस्तोवर ओरडला, "अगं चाचणी न्हाई! खरं हाय! चरात उतरा!"

त्या आवाजानं बाजार फुटला. डबे आपटले, रॉकेल सांडलं. मनकर्णानं पुढच्या म्हातारीला काखेत धरलं आणि ती चराकडे धावली. ती निम्म्या वाटेत असतानाच विमान डोक्यावरून गेलं.

आपलंच होतं. पुन्हा फोन आला, मी लांब सूर काढला. काढला कसला, कण्हलो.

थोड्या वेळानं मनकर्णा गच्चीवर आली. चपला नव्हत्या, लुगडं रॉकेलनं भिजलेलं. "अवं, मला वाटलं रोजचंच हाय."

"तुझी चूक न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "मीच रोज दहाला वाजवून तुमाला झोपवलं."

पुढे बारा-तेरा दिवसांत लढाई जिंकली. पेढे वाटले. व्यापारी अर्ज घेऊन आले, भोंगा पुन्हा दहाला सुरू करा, सोय होती. कानिफनाथ आप्पासाहेबांपुढे अडून बसला. "साहेब, घड्याळ पायजे तर घड्याळ बसवा. ह्याचं घड्याळ करायचं न्हाई." अर्ज बारगळला.

आज त्र्याहत्तर साल आहे. ग्रीस देणं कुणाच्या कामात बसत नाही. कानिफनाथ स्वतःच्या डब्यातलं आणून घालतो. चर बुजत आलेत, त्यांत बाजाराचा कचरा पडतो. मित्रांनो, मला तेल-पाणी द्या, चर मोकळे ठेवा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं हे, की माझी सवय करून घेऊ नका.

गेल्या महिन्यात, लोक काय करतात ते पाहायला, कानिफनाथनं न सांगता भर बाजाराच्या दिवशी धोक्याचा सूर वाजवला. "कानिफनाथ असंल," म्हणत लोक चहा पीत राहिले. मनकर्णानं मात्र भाजीची पिशवी तिथंच टाकली आणि ती चरात उतरली, गुडघाभर कचऱ्यात. वर पाहत उभी राहिली. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"हसा," ती म्हणाली. "मीबी हसले हुते."