सहज काढलेला फोटो

पुण्याच्या पाहुण्यांनी पत्रात एकच अट घातली होती. मुलीचा फोटो स्टुडिओतला नको, घरात सहज काढलेला पाठवावा. ही अट ज्याला सुचली त्याने मुलीच्या बापाचं घर कधी आतून पाहिलं नसावं. मधुसूदनरावांच्या दोन खोल्यांत सहज काढण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते मुश्किलीने लपवण्यासारखं होतं.

पुढच्याच खोलीत तांदळाची कोठी, गाद्यांची चळत, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात देव्हारा आणि भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. मधुसूदनराव नागपुरात रामदासपेठेतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे त्यांचा दरारा होता. घरी एक पंखा होता, तो वारा कमी आणि आवाज जास्त करायचा. चारुशीलेचं हे चौथं स्थळ. आधीच्या तिघांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. हा मुलगा इंजिनिअर होता, आणि त्याचा चेहरा चारूला आवडला होता. ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याचा फोटो घरात कुठे ठेवला आहे हे विचारलं की तीच आधी सांगायची.

एप्रिलातल्या एका रविवारी गिरिधर फोटोग्राफर आला. त्याने दारातूनच खोलीवर नजर फिरवली.

“काकाजी, हे सारं हटवा लागते.”

सारं हटवलं. कोठी, गाद्या, दोरी, कॅलेंडर मागच्या खोलीत गेलं आणि तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. देव्हारा तेवढा हलवायला चारूच्या आईने, यमुताईंनी नकार दिला. मग पुढची खोली इतकी मोकळी झाली की हे लोक आजच घर सोडून चाललेत असं वाटावं. गिरिधर म्हणाला, काहीतरी भरीव पाहिजे. मधुसूदनरावांना शेजारचा कूलर आठवला.

त्या बैठ्या घरांच्या रांगेत तेवढा एकच कूलर होता. आनंदराव उमरेडच्या कोळशाच्या खाणीत कामाला. शनिवारी रात्री एसटीने घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या म्हाताऱ्या आईला, बायजाबाईंना उन्हाची लू लागली आणि त्यांनी अंथरूण धरलं. तो कूलर त्यांच्यासाठी होता. त्यांची खाट खिडकीपाशी आणि कूलर त्यांच्या पायथ्याशी, दिवसभर चालू.

दोन्ही घरांचं बरं होतं. छप्पन साली बायजाबाई बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्या त्याला आता अठरा वर्षं झाली होती, आणि दोन्ही घरं एकमेकांशेजारी आली त्याला सहा. यमुताई संक्रांतीला इंदूबाईंना, म्हणजे आनंदरावांच्या बायकोला, तिळगूळ द्यायच्या. बायजाबाई आजारी पडल्या तेव्हा यमुताईंनी डॉक्टरकडे माणूस पिटाळला होता. फक्त त्या घरचा चहा इकडे कुणी घेत नसे, पाणी तर नाहीच. ‘आत्ताच झालं’, ‘आज उपास आहे’, असं काहीतरी असायचं. सहा वर्षांत यमुताईंचे इतके उपास झाले की त्यांना एव्हाना स्वर्ग मिळायला हरकत नव्हती. यमुताई वाईट बाई नव्हत्या, आणि खरी पंचाईत तीच होती.

“अर्ध्या तासाचा सवाल आहे,” मधुसूदनराव म्हणाले.

“घेऊन जा नं,” बायजाबाई खाटेवरूनच म्हणाल्या. “पोरीचं भलं होत असन तं एक घंटा राह्यलं. म्या काही मरत नाही.”

आनंदरावांनी आणि गिरिधरने कूलर उचलून आणला. तो खिडकीत ठेवला तर फोटोत अर्धाच दिसेल, म्हणून गिरिधरने तो खोलीच्या मधोमध उभा केला. खिडकी सोडून असा मधोमध उभा असलेला कूलर अख्ख्या नागपुरात तेवढाच असेल. मागून इंदूबाई आल्या, दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या. नळाला पाणी सकाळी तासभर, त्यातलं त्यांच्या ड्रममधलं हे पाणी.

“कोरडा चालवला तं गरम हवा फेकते, वहिनी. पोरीच्या तोंडावर घाम दिसन फोटोत.”

त्यांनी दोन्ही बादल्या टाकीत ओतल्या, चारूच्या साडीची निरी जराशी सरळ केली आणि गेल्या. आनंदरावही गेले. गिरिधर पान खायला कोपऱ्यावर गेला.

यमुताईंनी दार लोटून घेतलं.

“चारू, धर गं इकडून. कलता कर.”

“काहून, आई?”

“देव्हारा याच खोलीत आहे. तुषार उडतात त्याचे.”

चारूला कळलं. कळल्यावर तिने काय करायला हवं होतं तेही कळलं. तिने निऱ्या वर खोचल्या, साडी भिजू नये म्हणून, आणि कूलरची एक बाजू उचलून धरली. यमुताईंनी टाकीचं बूच काढलं आणि खाली बादली लावून ती मोरीत रिकामी केली. पाणी मोरीतून बाहेरच्या नालीत पडलं, बराच वेळ पडत राहिलं. मधुसूदनराव पेपर वाचत होते. म्हणजे पेपर त्यांच्या तोंडासमोर होता.

“आणि कूलरच्या जाळीतली खस भिजली त्याचं काय?” ते पेपरामागून म्हणाले. “वारा तर तिच्यातूनच येणार. का वाराही दुसरा भरणार आहेस?”

“तुम्ही गप्प बसा,” यमुताई म्हणाल्या. त्यांनी घरच्या पिंपातलं पाणी टाकीत भरलं आणि हात धुतले.

गिरिधर आला. ऊन सरकलं होतं, म्हणून थांबला. मग बल्ब उडाला, दुसरा आणायला गेला. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. भिंतीपलीकडून बायजाबाईंचा खोकला येत राहिला, मधेच इंदूबाईंच्या हातपंख्याचा फटफट आवाज. चारू दोनदा म्हणाली, “बाबा, परत देऊन टाकू या.” “आता एकच,” बाबा म्हणाले. शेवटच्या फोटोत ती कूलरवर हात ठेवून हसली. फार छान आला तो फोटो. पदर वाऱ्यावर जरासा उडालेला, अगदी सहज.

संध्याकाळी कूलर पोचवायला आनंदरावांबरोबर चारू गेली. बायजाबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावर ओला फडका. त्यांच्या खाटेलगतच्या खिडकीखालूनच नाली जात होती. सबंध रांगेत कोरडी ठणठणीत पडलेली नाली इथवर ओली होती, आणि तिच्यात चिमण्या अंघोळ करत होत्या.

“लय पानी वाह्यलं वं,” बायजाबाई म्हणाल्या. “नळ फुटला का तुमचा?”

भर दुपारी नळाला पाणी नसतं, हे त्या रांगेतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

“हो, आजी,” चारू म्हणाली. “फुटला होता.”

बायजाबाईंनी कपाळावरचा फडका उलटला. चारू घरी आली आणि जेवली नाही. त्या दिवशी तिला स्वतःची जितकी किळस आली तितकी आधी कुणाचीच आली नव्हती. आई तरी देवाचं नाव घेऊन करत होती. आपण साडी सांभाळत होतो.

पंधरा दिवसांत पुण्याहून उत्तर आलं. मुलगी पसंत असल्यासारखीच होती. नागपूरच्या उन्हाचा आम्हाला धसका आहे, त्यांनी लिहिलं होतं, परंतु आपल्याकडे कूलर असल्याचे फोटोत दिसले, तेव्हा दिवाळीपर्यंत न थांबता मे अखेरीसच पाहायला येतो. मधुसूदनरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

मे अखेर म्हणजे नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. डांबर पायाला चिकटतं, पाखरं झाडावरून खाली पडतात. बायजाबाईंचं आता बोलणंही कमी झालं होतं. “मी नाही जाणार मागायला,” चारू म्हणाली. “मग पुण्याच्यांना काय सांगू? कूलर फोटोपुरता होता?” मधुसूदनराव ओरडले, आणि ओरडल्यावर स्वतःच वरमले. चारूच्या मनात आलं, सांगा, तसंच सांगा. पण पुण्याच्या मुलाचा फोटोतला चेहराही आठवला, आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. शेवटी मधुसूदनरावच गेले.

आनंदरावांनी नाही म्हटलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी कूलर स्वतः आणून खिडकीत बसवला, पाहुणे दुपारी यायचे होते. इंदूबाई दारापर्यंत आल्या. हात रिकामे होते.

“टाकी पुसून देल्ली हाय, वहिनी,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. “पानी तुमचंच भरा. मागच्या टायमाले तुमाले दोनदा मेहनत झाली. अन् म्हातारीनं सांगून धाडलं, उन्हाळ्याचं पानी वाया जाते.”

यमुताई देव्हाऱ्याकडे वळल्या आणि तिथलं निर्माल्य गोळा करू लागल्या. सकाळीच गोळा केलेलं होतं, तरी करत राहिल्या. मधुसूदनरावांच्या तोंडासमोर आज पेपर नव्हता.

चारूने बादली उचलली आणि इंदूबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरात गेली. आत भट्टी होती. बायजाबाई डोळे मिटून पडल्या होत्या, अंगावर ओलं लुगडं टाकलेलं.

“काकू, दोन बादल्या पाणी द्या. टाकीत भरायला.”

“काहून वं?” बायजाबाईंनी डोळे न उघडता विचारलं. “नळ फुटला का?”

“नाही, आजी.” चारू खाटेपाशी वाकली. “तेव्हाही नव्हता फुटला.”

“मालूम हाय मले,” म्हातारी म्हणाली. “म्या इथंच होती नं.”

इंदूबाई चारूजवळ आल्या. मग त्यांनी तिच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली, माठावरचं झाकण काढलं आणि पेला भरला.

“कूलरचं राहू दे. तुले तहान लागली असन. पे.”

चारूने हात पुढे केला. पेला गार होता, बाहेरून ओलसर. दारातून शेजारच्या तिच्या घरापुढचं अंगण दिसत होतं. अंगणात आई आहे का, एवढंच पाहायला तिची नजर तिकडे गेली. गेली आणि लगेच परत आली, पापणी लवते तेवढा वेळ.

इंदूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पेला तिच्या बोटांतून हलकेच काढून घेतला आणि बायजाबाईंच्या उशाशी ठेवला.

“जा, बाई,” त्या म्हणाल्या. “पाहुणे येऊन राहिले तुमच्याकडे.”

चारू रिकामी बादली घेऊन घरी आली. यमुताईंनी टाकी भरून ठेवली होती.